मदत हवी आहे: दहा मिनिटांची कामं माझ्याकडून महिनोन्‌महिने का होत नाहीत?

नमस्कार. थोडं मोठं लिहितेय पण कृपया पूर्ण वाचा, कारण "आळस सोडा आणि कामाला लागा" हे मी स्वतःला रोज सांगते आणि त्याने काहीही होत नाहीये.

वय ३८, नोकरी करते, हिशेबाचं काम आहे. महिनाअखेरीचं क्लोजिंग माझ्यामुळे आजवर एकदाही लांबलेलं नाही. ऑफिसमध्ये किचकट काम आलं की माझ्याकडे देतात कारण वेळेत होईल याची त्यांना खात्री असते. आणि घरी माझ्या किचन सिंकखालचा पाइप सहा महिने गळतोय. खाली बादली लावलीये, ती मी रोज रात्री झोपायच्या आधी रिकामी करते. परवा बादली ओतताना सहज हिशोब केला, रोजची दोन मिनिटं म्हणजे १८० दिवसांचे सहा तास झाले, आणि प्लंबरला फोन करायला लागली असती दोन मिनिटं. तिथेच खाली बसले आणि रडू आलं. कपाटाचं प्लायवूड खालून फुगलंय, दार आता नीट लागतही नाही.

अशी बरीच आहेत. मशीनमधून काढलेले कपडे खुर्चीवर पडतात आणि आठवडाभर आम्ही तिघंही त्या ढिगातूनच कपडे ओढून घालतो. दाढ दुखते अधूनमधून, डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्यायचीये, दीड वर्ष झालं. पासपोर्ट संपलाय. विम्याचं एक पाकीट आलेलं आहे ते मी उघडलेलं नाही, कशाबद्दल आहे तेही माहीत नाही, फक्त ड्रॉवर उघडला की दिसतं आणि पोटात गोळा येतो, मग मी तो ड्रॉवरच उघडत नाही.

पण लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेच्या सहलीचा फॉर्म होता, एक पान, सही करून द्यायचा. तिने तीनदा आठवण केली. मी "हो गं, रात्री करते" म्हणत राहिले आणि तारीख निघून गेली. ती रडली नाही, चिडलीही नाही. "ठीके आई" एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती रडली असती तर मला कमी लागलं असतं. तिने गृहीत धरलं होतं की आईकडून हे होणार नाही.

आणि दुसरं, जे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शाळेपासूनची माझी मैत्रीण आहे, तिचे बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्याच घरी आम्ही दोघी अभ्यासाला बसायचो, मला स्वतःच्या काकांइतके जवळचे होते. बातमी कळली तेव्हा मी प्रवासात होते, वाटलं दोन ओळींचा मेसेज नको, घरी पोचून शांतपणे फोन करू. त्या रात्री उशीर झाला, दुसऱ्या दिवशी वाटलं घरात गर्दी असेल, मग आठवडा गेला, मग वाटलं इतक्या उशिरा नुसता फोन कसा करायचा, आता भेटायलाच जाऊ, आणि तेही झालं नाही. आता तिचं नाव दिसलं तरी कानकोंडं होतं. उशीर जितका वाढतो तितका फोन अजून अवघड होतो, आणि हे मला समजतंय तरी हात फोनकडे जात नाही.

करून पाहिलेलं सांगते. कामांच्या यादीची तीन अ‍ॅप झाली, शेवटच्या यादीत ४३ कामं होती आणि ती बघितली की छातीवर दडपण येतं. रविवारी सगळं एकदम करायचं असं ठरवते, दुपारपर्यंत करते आणि मग पुढचे तीन रविवार काहीच नाही. २५ मिनिटांचा टायमर लावून बघितला, तो आवराआवरीला चालतो, खरंच चालतो, कपड्यांच्या घड्या होतात. पण फोन करायचे, पाकीट उघडायचं, अपॉइंटमेंट घ्यायची, यांना तो अजिबात लागू पडत नाही. टायमर चालू असतो आणि मी नुसती बसून असते.

जे यातून गेलेत त्यांनी सांगा. नेमकं गाडं कुठे अडतंय माझं? आणि सुरुवात कुठून करू?

*

प्रतिसाद:
वाचताना वाटलं मीच लिहिलंय. माझं न उघडलेलं पाकीट अकरा महिन्यांचं आहे. उपाय नाही माझ्याकडे, उत्तरं वाचायला थांबलोय.

*

प्रतिसाद:
स्पष्ट विचारतो, राग मानू नका. सहा महिने पाइप गळतोय आणि घरात दुसरा मोठा माणूस आहे, त्याने का नाही फोन केला? बऱ्याच घरांत जिला "चालढकल" म्हणतात ती खरं तर एकाच्याच डोक्यावर पडलेली यादी असते. आधी ते तपासा.

*

धागाकर्ती:
राग नाही, रास्त प्रश्न आहे. रोजची भांडी, सकाळचं सगळं, मुलीची शाळेची ने-आण नवरा करतो. फोन, कागदपत्रं, दुरुस्त्या हे मी घेतलंय, कारण लग्नानंतर मीच म्हटलं होतं की हे मला चांगलं जमतं. त्याने दोनदा विचारलं "मी करू का फोन?" आणि दोन्ही वेळा मी जोरात म्हटलं की नको, मी करते. का म्हटलं माहीत नाही. तो करेल म्हणजे माझ्याकडून झालं नाही हे पक्कं होईल, असं काहीतरी वाटलं असावं.

*

प्रतिसाद:
तुम्ही तुमचं उत्तर स्वतःच लिहिलंय असं मला वाटतं. तुमची यादी पुन्हा बघा. टायमरने काय होतं? घड्या, आवराआवरी. काय होत नाही? प्लंबर, डेंटिस्ट, विमा, मैत्रीण. या सगळ्यांच्या पलीकडे एक माणूस आहे जो विचारू शकतो की "इतके दिवस काय करत होतात?" कपडे हा प्रश्न विचारत नाहीत. म्हणजे तुम्हाला काम अवघड जात नाहीये, त्या प्रश्नासमोर उभं राहणं अवघड जातंय.

मी मानसशास्त्र शिकलेय, त्यामुळे थोडं त्यातलं सांगते. चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं बरीच वर्षं धरून चालायचे. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळं मांडलं, की त्या क्षणी नकोशी वाटणारी भावना टाळण्यासाठी आपण काम टाळतो. ड्रॉवर बंद केला की लगेच बरं वाटतं ना, तेवढं बरं वाटणं मेंदूला पुरतं, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तेच करतो. म्हणून अ‍ॅप बदलून फरक पडत नाही. ४३ कामांची यादी म्हणजे तर ४३ वेळा तीच लाज.

आणि स्वतःला बोल लावणं आधी थांबवा. हे सांत्वन म्हणून म्हणत नाहीये. २०१० मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांचा कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला होता. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला ती कमी केली. आपल्याला उलटं वाटतं, की स्वतःला टोचत राहिलो तरच सुधारू. टोचणी वाढली की ते काम अजून नकोसं होतं, बस.

करायचं काय, तर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली "जर-तर" पद्धत बघा. "या आठवड्यात प्लंबरला फोन करेन" असं नाही ठरवायचं. "रात्री बादली ओतायला खाली वाकले, की बादली ठेवायच्या आधी प्लंबरला मेसेज टाकेन" असं, ठिकाण आणि क्षण पकडून. त्यावर नंतर ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले २००६ मध्ये आणि परिणाम चांगलाच दिसला. तुमच्याकडे बादली रोज येतेच, ती आठवण म्हणून वापरा. आणि पहिलं वाक्य आधीच लिहून ठेवा, कारण तुमचं घोडं पहिल्याच वाक्यावर अडतंय.

*

प्रतिसाद:
अगं, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगंतुगं करते. बाकीचं सगळं राहू दे बाजूला, मैत्रिणीचं ऐक. माझे वडील गेले तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत इतके फोन आले, इतकी माणसं येऊन गेली, की कोण काय बोललं यातलं मला आज एक अक्षर आठवत नाही. मी तेव्हा भानावरच नव्हते. आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. चौथ्या पाचव्या महिन्यात कोणी त्यांचं नावही काढत नव्हतं, मीही काढत नव्हते, लोकांना अवघडल्यासारखं होईल म्हणून. तेव्हा एका जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला, म्हणाले आज तुझ्या वडिलांचं अक्षर असलेली चिठ्ठी सापडली एका वहीत. अर्धा तास बोललो आम्ही. तो एक फोन मला आठवतो.

तुला वाटतंय वेळ निघून गेली. गेलेली नाही. उशीर झाला हे पहिल्याच वाक्यात सांगून टाक, कारणं देऊ नकोस, कारणं दिलीस की तिलाच तुझी समजूत काढायला लागेल. आणि त्यांच्याबद्दल बोल. अभ्यासाला बसायचात ना त्यांच्या घरी, ते बोल.

*

प्रतिसाद:
वरचं सगळं पटलं, एक भर. हे लहानपणापासून असंच आहे का, की गेल्या एक दोन वर्षांत वाढलंय? नुकतंच वाढलं असेल, झोप बिघडली असेल, आधी आवडायच्या त्या गोष्टीतही मन लागत नसेल तर डॉक्टरांशी बोला, नैराश्य आणि थायरॉइड दोन्हींत माणूस असा गळून जातो आणि त्याला वाटतं आपण आळशी झालो. आणि लहानपणापासून असेल, वस्तू हरवणं, अर्धवट सोडणं, विसरणं, तर एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि कामं पूर्ण करणं अवघड जाण्याचा विकार) मोठ्यांनाही असू शकतो. त्याच्या निदानासाठी काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, म्हणून शाळेतलं आठवून बघा. मला स्वतःला ते ४१ व्या वर्षी कळलं. मी इंटरनेटवर वाचून ठरवलं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन तपासून घेतलं, तुम्हीही तसंच करा.

मला अजून एका गोष्टीचा उपयोग होतो, कोणीतरी शेजारी बसलेलं असणं. मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, आपलं पुस्तक वाचत बसायचं. बायको शेजारी बसते आणि मी पाकिटं उघडतो.

*

धागाकर्ती:
"कपडे हा प्रश्न विचारत नाहीत" हे वाचून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. इतकी वर्षं मी याला आळस म्हणत होते. शाळेत असं नव्हतं, हे वाढलंय ते मुलगी झाल्यानंतर, झोप बरी आहे, पण डॉक्टरांना विचारेन. आज रात्री बादलीपाशी प्लंबरला मेसेज. लिहून ठेवलाय: "सिंकखालचा पाइप गळतोय, बरेच दिवस झाले, कधी येऊ शकाल?"

*

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगते.

मेसेज त्याच रात्री गेला. प्लंबर तिसऱ्या दिवशी आले. मी दार उघडायच्या आधीच मनात उत्तर तयार करत होते, इतके दिवस का नाही बोलावलं याचं. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "मेन कॉक कुठे आहे?" बस. वॉशर गेलं होतं, वीस मिनिटांत झालं. ज्या प्रश्नाला सहा महिने घाबरले तो त्यांच्या मनातही नव्हता. प्लायवूड मात्र बदलावं लागणार आहे.

पाकीट नवऱ्याला शेजारी बसवून उघडलं. त्याला आधी मैत्रिणीचं सगळं सांगितलं, तो काही बोलला नाही, नुसता बसला. आत पत्ता बदलल्याची पोच होती, काहीही करायचं नव्हतं. दुसरं एक पाकीट निघालं त्यात मात्र हप्त्याची मुदत उलटून गेलेली होती, दंड भरून चालू करून घेतलं. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती, हेही लिहायला हवं.

मैत्रिणीला शनिवारी सकाळी फोन केला. पहिलं वाक्य कागदावर लिहिलेलं, "फार उशिरा करतेय फोन, चुकलं माझं, काकांची फार आठवण येते." ती आधी गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं तुला कळलंच नाही, आणि कळवायचं माझ्याकडून होत नव्हतं." तिने यादी केली होती कोणाकोणाला कळवायचं त्याची, आणि माझ्या नावाशी येऊन ती रोज थांबायची, कारण मला सांगताना रडू येईल हे तिला माहीत होतं. तासभर बोललो. काका आमच्या पेन्सिलींना टोक करून रांगेत लावून ठेवायचे, ते तिला आठवत नव्हतं, मी सांगितलं.

आणि फॉर्म. शाळेतून परवा नवीन एक आलाय, कशाचा तरी परवानगीचा. मुलीने दप्तरातून काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं थांब, इथेच बस, आत्ता भरते. ती पेन घेऊन शेजारी उभी राहिली, सही होईपर्यंत. मग तिने तो दोनदा तपासला.

डेंटिस्टचं मात्र झालेलं नाही. दोन वेळा जर-तर ठरवलं, दोन्ही वेळा दात घासून झाले आणि मी फोन न उचलता झोपायला गेले. तिथे मला प्रश्नाचीच नाही, दुखण्याचीही भीती आहे असं वाटतंय. ज्यांना डेंटिस्टची अशी भीती होती आणि तरी गेलात, त्यांनी पहिली अपॉइंटमेंट कशी घेतलीत? नुसतं बघायला म्हणून गेलं, काही करायचं नाही असं आधी सांगितलं, तर चालतं का?