मदत हवी आहे: बहिणीच्या पालकत्वाचा अर्ज, तिलाच न विचारता

माझी बहीण 26 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असते, बोलणं थोडं अडखळतं पण डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा शार्प. नाशिकला घरून डेटा एंट्रीचं काम करते, पगार तिच्याच खात्यात येतो. आता तिला पुण्यात मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहायचंय आणि घरात महाभारत सुरू झालंय. आईचं एकच पालुपद, आमच्यानंतर हिचं कोण बघणार. आणि बाबांना कोणीतरी सांगितलं म्हणून ते 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा) जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घ्यायच्या हक्काचा, अर्ज करायला निघालेत, तिला न विचारता. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, निरामय (दिव्यांगांसाठीचा आरोग्य विमा) पण काढलंय. महिनाभर ट्रायल म्हणून राहू दे, मदतनीस बाईंचे पैसे मी देतो असं सांगून झालं, काकांना मध्ये घातलं तर काका बाबांच्याच पार्टीत गेले. वकील नको म्हणतात (कोर्ट म्हटलं की बीपी वाढतं).

तर पालकत्व झालं की तिच्या खात्यावर तिची सही चालणं बंद होतं का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्व, ठराविक निर्णयांपुरतं, कोणी प्रत्यक्षात घेतलंय का? आणि समितीसमोर ती स्वतःच नको म्हणाली तर ऐकतात का?