लंडनमधला जुना पब : आईबाबांना घेऊन जायचंय, कुठला निवडू?

खडीसाखर

ऑक्टोबरमध्ये आईबाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. राजवाडा, लंडन आय वगैरे ठीक, पण त्यांची फर्माईश एकच : "खरा जुना इंग्लिश पब दाखव." मी ऑफिसवाल्यांबरोबर चकचकीत ठिकाणीच गेलोय, त्यामुळे माझं ज्ञान शून्य.

अडचणी अशा. आई शाकाहारी, अंडंही खात नाही, आणि तिच्या डोक्यात बार म्हणजे आपल्याकडची परमिट रूम : काळ्या काचा, आत बाईमाणूस नाही. बाबांचे गुडघे दुखतात. ते व्हिस्की घेतात, बिअर फक्त मे महिन्यात. कुणी फ्लीट स्ट्रीटचा 'ये ओल्ड चेशर चीज' सुचवतं, कुणी सदर्कचा 'जॉर्ज इन'. कुठे जावं?

कृष्णाकाठची

दोन्हीकडे न्या. पहिल्या ठिकाणी बसा, दुसऱ्या ठिकाणी जेवा.

माझं ऑफिस बरीच वर्षं फ्लीट स्ट्रीटला लागूनच, चॅन्सरी लेनला होतं. त्यामुळे सांगली-मिरजेहून कुणीही आलं की त्याला चेशर चीज दाखवणं हे माझ्याच गळ्यात. सासरे, दीर, दिरांचे मित्र, त्यांच्या ओळखीचे लोक.

दार फ्लीट स्ट्रीटवर शोधू नका, बाजूच्या 'वाइन ऑफिस कोर्ट' नावाच्या बोळात शिरा. १६६६ च्या मोठ्या आगीत आधीची जागा जळाली, १६६७ साली पुन्हा बांधली. तेव्हापासूनच्या राजाराण्यांची यादी दाराशी लावली आहे. सासऱ्यांनी ती पाढे म्हणावेत तशी मोठ्याने वाचली आणि मग म्हणाले, "म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्याच साली हे जळालं." हिशेब बरोबर आहे. सुटका ऑगस्टमधली, आग सप्टेंबरमधली. त्यानंतर त्यांना तिथल्या प्रत्येक वस्तूत रस वाटायला लागला. तुमच्या बाबांनाही हे आधीच सांगून ठेवा.

आत शिरलं की आधी काही दिसतच नाही. खिडक्या कमी, लाकूड धुराने काळं पडलेलं, खाली लाकडाचा भुसा, छत बुटकं. एक मोठा हॉल असा नाहीच, लहान लहान खोल्या आहेत. थंडीत शेकोटी पेटते, तिच्याजवळचं बाक मिळालं तर उठू नका. तळघरात दगडी कमानी आहेत आणि त्या बघण्यासारख्या आहेत, पण जिना अरुंद आहे. बाबांना वरच बसवा, तुम्ही जाऊन फोटो काढून आणा.

इथे कोणकोणते थोर लेखक बसायचे ते तुम्हाला कोणीही सांगेल. मला त्यांच्यापेक्षा पॉली आवडते. ती या पबमधली पोपटीण, करड्या रंगाची, आफ्रिकन. तोंडाची फटकळ, गिऱ्हाइकांना शिव्या द्यायची. १९१८ मध्ये युद्ध संपलं त्या रात्री बाटलीचं बूच उडाल्याचा आवाज काढून काढून तिला घेरी आली, असं सांगतात. १९२६ साली ती गेली तेव्हा जगभरच्या पेपरांत मृत्युलेख छापून आले. पेपरवाल्यांचीच गल्ली ती, ओळखीच्या माणसाची बातमी कोण सोडेल? आता ते पेपरही तिथे नाहीत. १९८६ मध्ये मोठे मोठे पूर्व लंडनमधल्या वॉपिंगला गेले, मग एकेक करत बाकीचे. सध्या वकील आणि बँकवाले दिसतात.

वेळ महत्त्वाची. मधल्या वारी दुपारी तीन-साडेतीनला जा. गुरुवारी संध्याकाळी चुकूनही नको, ऑफिसं सुटली की पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या आईंना परमिट रूमची आठवण नेमकी त्याच वेळी येईल. दुपारी मात्र आजीबाई शब्दकोडं सोडवताना दिसतात.

पब यॉर्कशरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीचा आहे. ते स्वतःच्याच बिअर विकतात, म्हणून ओळखीची बाटली मागू नका. त्यांच्या पबमध्ये गाणी नाहीत, टीव्ही नाही. मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. बाबांना बिटरचा (इथली कडवट बिअर) हाफ पाइंट घेऊन द्या, फुल नको (फुल म्हणजे ५६८ मिली, मे महिन्यातली जवळजवळ अख्खी बाटली एका ग्लासात). ती तळघरात ठेवून हातपंपाने वर ओढतात. फ्रीजमधल्यासारखी गार नसते, फेसही बेताचा. पहिल्या घोटाला "ही उतरलीये काय?" असं विचारतील. उतरलेली नाही, ती अशीच असते.

ठाणे_पूर्व

जेवणाच्या बाबतीत सहमत, चेशर चीजमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात तो पदार्थ) ठीकठाक.

आईंसाठी तीन गोष्टी विचाराच. चिप्स कशात तळतात? काही ठिकाणी गाईच्या चरबीत, आणि बऱ्याच ठिकाणी मासे तळलेल्याच तेलात. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच. आणि इथलं काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या विरजणाने लावलेलं असतं. मेन्यूवर हिरवं पान बघून हुरळून जाऊ नका, त्यात अंडं धरलेलं असतं. काउंटरवर "व्हीगन" म्हणा, भानगड मिटते.

बाबा कडक शाकाहारी असतील तर अजून एक : हातपंपाची बिअर निवळायला माशाच्या पोटातला पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे. माझ्या मामांना हे पाइंट संपल्यावर कळलं. मग म्हणाले, "झालं ते गंगेला मिळालं."

खडीसाखर

बाबा सुरमई खातात, माशाचं काही म्हणणार नाहीत :) पण जेवायला जॉर्ज इनच का?

कृष्णाकाठची

कारण तिथे अंगण आहे. बरो हाय स्ट्रीटवरून आत वळलात की फरसबंदी चौक, मांडलेली बाकं, आणि समोर लाकडी सज्जांची लांबलचक इमारत. १६७६ मध्ये सदर्कला वेगळी आग लागली, त्यानंतर १६७७ ला ही बांधली. घोडागाड्यांचा थांबा होता : खाली गाड्या आणि तबेले, वर उतारूंच्या खोल्या. पूर्वी चौकाच्या तीन बाजूंना असे सज्जे होते. १८८९ च्या सुमाराला रेल्वे कंपनीने दोन बाजू पाडल्या, एक उरली. लंडनमधली या धाटणीची ही शेवटची. १९३७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. बाबा एसटीतले ना? मग सरळ सांगा, हा इथला तीनशे वर्षांपूर्वीचा डेपो. कॅन्टीनसकट. बघा चेहरा.

आईंना उघड्यावर बसायला मिळेल, लोकांची ये-जा असते, बावरणार नाहीत. जेवण साधंच, पण ताटात काय येतंय ते उजेडात दिसतं. शिवाय बरो मार्केट दोन मिनिटांवर आहे. काहीच जमलं नाही तर तिथे खाऊ घाला, फक्त सोमवार टाळा, बाजार बंद असतो.

चेशर चीजहून चालत जायला अर्धा तास लागेल. गुडघ्यांसाठी सिटी थेम्सलिंकहून लंडन ब्रिजची गाडी पकडा, फक्त दोन स्टेशनं.

पावसाळी_छत्री

व्हिस्कीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इथला सिंगल २५ मिली, काही ठिकाणी ३५. आपला स्मॉल ३०, लार्ज ६०. बाबा ग्लास उजेडात धरून "भर की जरा" म्हणतील, पण इथे माप कायद्याने ठरलेलं आहे, बारवाला थेंबभरही जास्त देत नाही. सरळ डबल सांगा. सोड्याचे पैसे वेगळे, आणि बर्फ मागितल्याशिवाय दोनच खडे.

टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. काउंटरला जायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास आपणच उचलून आणायचे. चकणा फुकट नसतो. शेंगदाण्याचं पाकीट विकत घ्या.