‘तारीख ब्लॉक करणे’ : रजेच्या संदर्भात नेमका शब्द कोणता?

ऐरोलीतील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी काम करते. आमच्याकडे रजेचे अर्ज आता संगणकावर भरले जातात आणि त्या प्रणालीतील सूचना मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वार्षिक साठामोजणी किंवा मार्चअखेरचे हिशेब अशा, सर्वांची हजेरी लागणाऱ्या दिवसांच्या तारखा विभागप्रमुखांना आधीच अडवून ठेवता येतात. मग त्या तारखांचा अर्ज स्वीकारला जात नाही. आजारपणाची रजा यातून वगळलेली आहे आणि आधी मंजूर झालेल्या रजेला धक्का लागत नाही. या कृतीला आम्ही सगळेच ‘तारखा ब्लॉक करणे’ म्हणतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका सहकाऱ्याने ‘आपण निवडलेल्या तारखा ब्लॉक केल्या आहेत’ हा संदेश वाचला, रजा पक्की झाली असे समजून कोकण रेल्वेचे तिकीट काढले आणि शेवटी त्याला ते रद्द करावे लागले. त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. मंगल कार्यालयाची तारीख ब्लॉक केली म्हणजे ती आपल्यासाठी धरून ठेवली, आणि रविवारी ठाणे-वाशी मार्गावर ब्लॉक आहे म्हणजे त्या वेळेत गाड्या बंद. दोन्ही अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

‘राखीव’ म्हटले तर तारीख दुसऱ्या कोणालातरी दिली आहे असे वाटते. ‘प्रतिबंधित’ हा शब्द करोनाकाळातील प्रतिबंधित क्षेत्रांची आठवण करून देतो. जमावबंदी, टाळेबंदी यांच्या धर्तीवर ‘रजाबंदी’ सुचला होता, परंतु तो ‘रजामंदी’च्या इतका जवळ आहे की घाईत वाचणाऱ्याला नकाराच्या जागी संमतीच दिसेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण मांडलेला घोळ खरा आहे, आणि त्याचे उत्तर ‘रजा’ या शब्दातच असावे असे मला वाटते. सुट्टी आणि रजा आपण एकमेकींच्या जागी वापरतो, पण सुट्टीचे नाते सुटण्याशी आहे, तर अरबी-फारसीतून आलेल्या रजेचा मूळ अर्थ संमती. म्हणूनच निरोप घेताना आपण ‘आता रजा घेतो’ म्हणतो, म्हणजे जाण्याची परवानगी मागतो. तारीख ही कोणी धरावी किंवा अडवावी अशी वस्तू येथे नाहीच; त्या दिवसापुरती बंद होते ती परवानगी. म्हणून ‘रजा बंद’ हे साधे शब्द मला सर्वांत नेमके वाटतात, आणि बंदोबस्ताच्या दिवसांत पोलिसांच्या घरांतून ते ऐकूही येतात.

वर्तमानपत्रे अशा वेळी ‘सुट्ट्या रद्द’ असे छापतात. तो शब्द मात्र आपण टाळावा, कारण रद्द होते ते आधी दिलेले, आणि आपल्या प्रणालीत तर मंजूर रजा तशीच राहते. ज्याची रजा मंजूर आहे त्याने ‘रद्द’ वाचून विनाकारण घाबरू नये.

‘बंदी’ या शब्दाबद्दल आपल्या मनात थोडी अढी दिसते. पण दिवाळे कोळीवाड्यात विचारून पाहा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिचा आरंभ आणि शेवट सर्वांना आधीच ठाऊक असतो, तिचे कारणही ठाऊक असते, आणि बिगरयांत्रिक पारंपरिक नौका वगळल्या आहेत हेही ठाऊक असते. एवढे स्पष्ट असले की शब्द टोचत नाही. आपल्या संदेशात शब्द कोणताही घ्या, पण कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी आणि कोणाला सूट, हे त्यात हवेच.

मूळ लेखिका :

आभारी आहे. ‘रद्द’ आणि ‘बंद’ यांतील भेद माझ्या ध्यानात आला नव्हता. कर्मचाऱ्याला दिसणारा संदेश आता असा लिहिला आहे : ‘२९ ते ३१ मार्च या दिवशी रजा बंद आहे. कारण : वार्षिक हिशेब. आजारपणाच्या रजेचा अर्ज करता येईल.’ विभागप्रमुखांच्या बटणावर मात्र ‘रजा बंद करा’ असे नुसते लिहिले तर एखाद्या माणसाचीच रजा थांबवल्यासारखे वाटते, म्हणून तेथे ‘तारखा रजेसाठी बंद करा’ असे पूर्ण वाक्य ठेवले. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे त्यापूर्वीच बंद तारखा जाहीर कराव्यात अशी विनंतीही मी वरिष्ठांना केली आहे. ‘ब्लॉक’च्या उलट क्रियेसाठी इतके दिवस आम्ही ‘अनब्लॉक’ म्हणत होतो. ‘बंद’ घेतल्यावर ‘तारखा खुल्या करा’ हे शब्द शोधावेही लागले नाहीत.