जिरोंडा आणि आमचे मास्तर

जुन्या ट्रेनरांकडे शास्त्र नव्हतं, नुसता हेका होता, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतला जुना बॉडीबिल्डिंग ट्रेनर विन्स जिरोंडा याने १९४८ मध्ये हॉलिवूडजवळ जिम काढली. १९६५ आणि १९६६ चा मिस्टर ऑलिम्पिया (बॉडीबिल्डिंगमधला मोठा किताब) लॅरी स्कॉट तिथलाच. हेका होताच म्हणा: खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट नकोत, म्हणे कंबरेखालचा भाग रुंदावतो! पण वजन किती उचललं यापेक्षा स्नायू कुठला चालतोय याकडे नजर.

रत्नागिरीतल्या आमच्या व्यायामशाळेचे मास्तर त्याच वाणाचे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. पावसाळ्यात खाऱ्या हवेने बार असे गंजायचे की तळहात तांबडे. रविवारी चिंधीला खोबरेल लावून प्लेटा पुसल्याशिवाय कोणाला वजनाला हात लावू देत नसत. प्रोटीन पावडरचा डबा दिसला की म्हणायचे, "मेल्या, बंदरावर जा, बांगडे आण." सोबत कुळथाचं पिठलं.

जिरोंडाचं वाचून मी एकदा बेंचवर बार छातीऐवजी मानेपाशी आणला. मास्तरांनी मागून उचलूनच घेतला. "खांदो गेलो तर तो अमेरिकेतून येणार काय बघूक?"