मदत हवी आहे : जड आयनांच्या टकरीत सुरुवातीचा संवेग येतो कुठून?

मंडळी, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला आहे. प्रोजेक्टला जड आयनांच्या (म्हणजे शिशासारख्या जड केंद्रकांच्या) टकरी घेतल्यात. गाइड म्हणतात, ‘आधी वाच, मग बोलू.’ वाचलं, पण एका जागी अडलोय.

एलएचसीत (सर्नचा कण-त्वरक) शिशाची केंद्रकं (प्रत्येकात २०८ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन) आदळतात तेव्हा सगळा संवेग बीमच्या दिशेने. तरी पायॉन (टकरीत तयार होणारे हलके कण), प्रोटॉन बीमला आडव्या दिशेला सुसाट सुटतात. मधोमध दाब जास्त, कडेला कमी, म्हणून लोंढा बाहेर पडतो, इथवर पटतं.

पण हायड्रो (पदार्थाला द्रव मानून केलेलं प्रवाहाचं गणित) सुरू करतात ते ०.६ ते १ फर्मीनंतर (१ फर्मी अंतर जायला प्रकाशाला ३.३ × १०⁻²⁴ सेकंद लागतात, तो इथे काळाचा एकक). त्याआधी समतोलच नाही, मग दाब कसला? त्यात ग्लाझ्मामध्ये (टकरीनंतर लगेच असणारं ग्लुऑनचं दाट क्षेत्र) बीमच्या दिशेचा दाब चक्क ऋण! आणि फ्री स्ट्रीमिंग या मॉडेलमध्ये कण एकमेकांना धडकतच नाहीत, तरी प्रवाह तयार होतो म्हणे. कुणी ढकललंच नाही तर संवेग आला कुठून?

प्रतिसाद १
भावा, एका कणाचा संवेग वेगळा आणि एका जागच्या सगळ्या कणांचा सरासरी संवेग वेगळा. शाहू स्टेडियमच्या मधोमध गर्दी उभी कर आणि प्रत्येकाला मनाला येईल त्या दिशेने सरळ चालायला सांग. थोड्या वेळाने कडेला बघ, सगळे बाहेरच निघालेले दिसतील. धक्का कुणीच दिलेला नाही.

आता ऊर्जा-संवेग टेन्सरचं (ऊर्जा, संवेग आणि दाब एकत्र मांडणारा तक्ता) अक्षय्यतेचं समीकरण मांड. त्यातला आडवा दाब म्हणजे संवेगाचा ओघ, त्याला समतोल लागत नाही. ट्रेस शून्य धर (तिन्ही दिशांच्या दाबांची बेरीज ऊर्जा-घनतेइतकी), बूस्ट-इन्व्हेरियन्स धर (बीमच्या दिशेने वेग बदलून पाहिलं तरी चित्र तेच), दाब आणि ऊर्जेचं गुणोत्तर सगळीकडे सारखं धर. हा आडवा दाब ग्लाझ्मात सुरुवातीला ऊर्जा-घनतेच्या एकपट, फ्री स्ट्रीमिंगमध्ये निम्मा, आदर्श हायड्रोत एक तृतीयांश. तरी संवेग भागिले ऊर्जा तिन्हीकडे तेवढंच येतं : अर्धा काळ गुणिले ऊर्जेचा सापेक्ष उतार (बाहेरच्या दिशेने ती किती झपाट्याने कमी होते, भागिले ती ऊर्जा). दाब जास्त असला की रेटा जास्त, पण ऊर्जाही काळाबरोबर सावकाश उतरते, म्हणून गुणोत्तर तेच. व्ह्रेडेवूग्ट आणि प्रॅट यांनी २००९ मध्ये हे दाखवलंय. दीड पानाचं गणित आहे, स्वतः कर.

मात्र व्ही-टू (आडव्या प्रवाहाचा लंबगोलपणा, एका दिशेला जास्त तर दुसरीला कमी) असा फुकट मिळत नाही. त्याला आपसातल्या टकरा लागतातच.

धागाकर्ता
दादा, गणित जमलं, तो दाब-ऊर्जेच्या गुणोत्तराचा गुणांक खरंच उडून गेला! मग १ फर्मीला हायड्रो सुरू करताना आडवा वेग शून्य ठेवलेला चालेल का?

प्रतिसाद १
नाही. तोवर जमलेला प्रवाह वाया जाईल आणि शेवटचा सरासरी आडवा संवेग कमी येईल. नुसती ऊर्जा-घनता उचलू नकोस, वेगासकट अख्खा टेन्सर पुढे दे.