डान्झिग देऊन टाकले असते, तर दुसरे महायुद्ध टळले असते का?

पश्चिमवारा (मूळ मत):
चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सरहद्दीचा प्रदेश जर्मनीला देणाऱ्या १९३८ च्या म्युनिक करारासाठी ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांना भित्रा ठरवून आपण मोकळे होतो. माझ्या मते त्यांची खरी चूक ३१ मार्च १९३९ ची आहे. त्या दिवशी ब्रिटनने पोलंडला संरक्षणाची हमी दिली. ती पाळण्यासाठी पूर्व युरोपात सैन्य पोहोचवण्याची सोय मात्र ब्रिटनकडे नव्हती. डान्झिग राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे, बहुसंख्य जर्मन वस्तीचे शहर होते आणि हिटलर ते मागत होता. ते देऊन हिटलरचा मोर्चा सोव्हिएत संघाकडे वळू दिला असता, तर निदान पश्चिम युरोप वाचला असता.

उंबरठा:
मागणी डान्झिगपुरतीच होती, हे आपण कशावरून ठरवले? २३ मे १९३९ रोजी हिटलरने आपल्या सेनाधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले होते की, वाद डान्झिगचा नसून पूर्वेकडे भूमी मिळवण्याचा आहे. सुडेटनलँड ही युरोपातील आपली शेवटची प्रादेशिक मागणी असल्याचे त्याने २६ सप्टेंबर १९३८ रोजी जाहीर सभेत म्हटले आणि १५ मार्च १९३९ रोजी त्याचे सैन्य प्रागमध्ये शिरले. शिवाय ‘पूर्वेकडे वळू देणे’ म्हणजे तीस लाखांहून अधिक ज्यू राहत असलेला पोलंड त्याच्या हवाली करणे. याला युद्ध टाळणे म्हणायचे असेल, तर ते कोणासाठी टळले, हेही सांगावे.

सावकाश:
डान्झिगबाबत मी उंबरठा यांच्याशी सहमत आहे, म्युनिकबाबत नाही. १९३८ मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानदळात जुन्या दुपंखी विमानांचा भरणा होता, स्पिटफायर ही आधुनिक विमाने नुकतीच येऊ लागली होती आणि रडार केंद्रांची साखळी अपुरी होती. दक्षिण आफ्रिकेसारखे साम्राज्यातील स्वशासित देश (डोमिनियन) झेकांसाठी लढायला राजी नव्हते. त्या कराराने युद्ध टळले नाही, परंतु १९४० मध्ये ब्रिटन तगले ते मधल्या काळातील तयारीमुळेच.

उंबरठा:
ती उसंत एकट्या ब्रिटनला मिळाली नव्हती, आणि तिची किंमत ज्याने मोजली, त्या चेकोस्लोव्हाकियाला वाटाघाटींत स्थानही नव्हते. सरहद्दीच्या डोंगरांतील तटबंदी एकही गोळी न झाडता जर्मनीच्या हाती गेली. पुढे पिल्सनचा स्कोडा शस्त्रकारखानाही गेला. १९४० मध्ये फ्रान्समध्ये घुसलेल्या जर्मन सेनानी रोमेलच्या सातव्या पान्झर (रणगाडा) डिव्हिजनकडे झेक बनावटीचे रणगाडे मोठ्या संख्येने होते. युद्धाचा धोका पाहून जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख लुडविग बेक यांनी ऑगस्ट १९३८ मध्ये राजीनामा दिला होता; म्युनिकनंतर अशा सेनानींच्या शब्दाला वजन उरले नाही. स्टालिनचा झेकांशी १९३५ चा करार होता, तो आधी फ्रान्स मदतीला गेला तरच लागू होणारा. २३ ऑगस्ट १९३९ रोजी त्याने हिटलरशीच करार केला.

पश्चिमवारा:
झेक शस्त्रांचा मुद्दा मान्य. तरीही पोलंडला दिलेल्या हमीने पोलंड वाचला नाही, याचे उत्तर मिळालेले नाही.

उंबरठा:
हमी उशिरा आली म्हणून वाचला नाही. तीच हमी सप्टेंबर १९३८ मध्ये प्रागला मिळाली असती, तर तिच्यामागे झेकांच्या तीसहून अधिक डिव्हिजन उभ्या राहिल्या असत्या.