मदत हवी आहे: शाळा संपलेला भाऊ (डाउन सिंड्रोम) आणि एकटी पडलेली आई, कराड परिसर

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. तो नुकताच १८ वर्षांचा झाला आणि एप्रिलमध्ये त्याची विशेष शाळा संपली. नोकरीमुळे मी पुण्यात. तो आणि आई-बाबा कराडला.

शाळेबरोबर आईचंही काय संपलं, हे मला उशिरा कळलं. बारा वर्षं ती त्याला सोडायला जायची आणि शाळा सुटेपर्यंत फाटकासमोरच्या लिंबाखाली बाकीच्या आयांबरोबर बसायची. कुणी मेथी निवडायचं, कुणी स्वेटर विणायचं. अपंगत्वाचा दाखला कसा काढायचा, वयात येणाऱ्या मुलाला काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे सगळं ती तिथे शिकली. नात्यातल्या बायकांनी तिला गेल्या जन्मीच्या पापापर्यंत सगळं ऐकवलंय. लिंबाखाली तसं कधी कुणी बोललं नाही. आता त्या बायका आपापल्या गावी, आणि आईकडे दोघींचेच फोन नंबर.

भाऊ आधी सहाला उठून स्वतःचा डबा स्वतः भरायचा. आता अकरापर्यंत झोपतो, जाड झालाय, बोलणं कमी झालंय. दप्तर मात्र रोज दाराशी आणून ठेवतो. शाळेची आठवण येत असेल, असं आम्ही धरून चाललोय.

मोठ्या मुलांच्या पालकांचा गट तुमच्याकडे कसा जमला? व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत, पण आईला समोर बसलेलं माणूस हवंय. दुसरं, बँकेत त्याच्या खात्याचं विचारलं तर कायदेशीर पालकत्वाचा कागद मागितला. आई-बाबाच त्याचे पालक ना?

एक विनंती. 'देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो' असं कृपया लिहू नका. तुमची भावना समजते, पण आईने ते अठरा वर्षं ऐकलंय.

प्रतिसाद

ताई, आधी थायरॉइड तपासून घ्या. माझी मुलगी २६ वर्षांची आहे. तीही अशीच मंदावली होती आणि 'मैत्रिणी आठवतात' म्हणत आम्ही सहा महिने घालवले. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी पडणं खूप आढळतं. सुस्ती, वजन, गप्पपणा, सगळं त्यातून येऊ शकतं. रक्ताची ही तपासणी दरवर्षी करायची असते. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, तेही बघा. कानही दाखवा, कमी ऐकू येणारं मूल हळूहळू बोलायचं सोडतं. हे सगळं नीट निघालं, तर मग मनाकडे वळा.

प्रतिसाद

बँकेचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिच्याकडे अर्ज केला की पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. अर्ज आई-वडील किंवा नातेवाईक करू शकतात. सातारला समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. तीही घ्या.

गटाचं म्हणाल तर आम्ही सात घरं आहोत. शाळा कुणाचे नंबर देत नव्हती, तेव्हा मी मुख्याध्यापिकांना विचारलं, 'माझी चिठ्ठी तेवढी जुन्या पालकांना पोचवाल का?' त्या आनंदाने तयार झाल्या. पहिल्या भेटीला व्याख्यान-बिख्यान ठेवू नका. मुलांना काहीतरी काम द्या. आमच्याकडे चहाचे कप मुलंच फिरवतात. तेवढ्यात आया निवांत बोलून घेतात.

धागाकर्तीकडून

तीन आठवड्यांनी लिहितेय. थायरॉइडच निघालं, गोळी सुरू झाली. आम्ही सगळं आठवणीवर ढकलत होतो, याचं फार वाईट वाटलं. पालकत्वाचे कागद बाबा जमवताहेत. पर्यायी नाव म्हणून माझं कसं घालता येईल, ते विचारणार आहे.

मुख्याध्यापिकांनी चिठ्ठ्या पोचवल्या. चार घरं येतो म्हणालीत. येत्या रविवारी चार वाजता प्रीतिसंगमाच्या बागेत. आईने एवढंच विचारलं, "किती जणांचे पोहे करू?" उंब्रज, पाटण, इस्लामपूरकडचं कुणी हे वाचत असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, म्हणजे तिला आकडा सांगता येईल.